पळसाला पानं तीन, पण फुलं पाहायला चला

कामं आटोपून रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. आज एका सहलीबद्दल बोलणार आहे. आपण बाया गावाबाहेर केव्हा जातो? लग्नाला, मयतीला, दवाखान्यात, माहेरी, नाहीतर देवाला. गटाचं प्रशिक्षण असलं तर तालुक्याला. आमच्या गटानं मात्र एकदा ठरवलं, की आपण फक्त फुलं पाहायला जायचं. माघ-फाल्गुनात, चिखलदऱ्याला.

हे बैठकीत पहिल्यांदा निघालं तेव्हा जी हसाहशी झाली, ती अजून आठवते. "काहून वं, फुलं पायाले कोनी गाडी करून जाते का?" एक वहिनी म्हणाली. घरी सांगितलं तर सासूबाईंनी म्हणच काढली, "कुठीबी जा, पयसाले पानं तीनच!" आता सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. पळसाला सगळीकडे तीनच पानं. पण फुलं वर्षातून एकदा येतात, तीही थोडेच दिवस. ती पाहायची असतील, तर त्या दिवसांतच उठून जावं लागतं.

आमचा गट अकोट ते अंजनगाव या पट्ट्यातला. मागच्या दारात उभं राहिलं, की उत्तरेला निळा सातपुडा दिसतो. आमच्यातली सगळ्यात मोठी, साठी ओलांडलेली काकू त्या दिवशी हळूच म्हणाली, "लगन होऊन आली तवापासून हा पहाड खालूनच पायते मी. वर काय हाये, ते मले नाही मालूम." मग कोणी हसलं नाही. सहल तिथंच पक्की झाली.

केव्हा जायचं?

आपल्याकडे फुलांचा खरा हंगाम महाशिवरात्रीपासून होळीपर्यंतचा. पंधरा-सोळा दिवसांचा हा काळ. त्याच्या थोडं आधी निघालात, तर बागेतली थंडीची फुलं जास्त मिळतील. थोडं उशिरा निघालात, तर जंगलातली फुलं जास्त. दोन्ही थोडं थोडं पाहायचं असेल, तर मधला आठवडा धरा. हरभरा निघालेला असतो, गहू उभा असतो, कपाशीची शेवटची वेचणी आटोपत आलेली असते. एक दिवस काढता येतो.

आता तुम्ही विचाराल, की जंगल एवढं वाळलेलं, पाण्याचा पत्ता नाही, आणि फुलं नेमकी तेव्हाच कशी येतात? ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यांना याचं उत्तर अर्धं ठाऊक आहे. आंबिया बहार घ्यायचा असला, की आपण डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतो. झाड थांबतं, पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं, की जानेवारी-फेब्रुवारीत बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. जंगलाला हा ताण ऋतूच देतो. दिवाळीनंतर जमिनीतली ओल कमी होत जाते. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. पळस, काटेसावर, पांगारा, गणेर ही सगळी झाडं उघडी होतात आणि साठवलेल्या जोरावर फुलतात.

पानं नसताना फुलण्यात झाडाचा फायदाच असतो. आड यायला काही नसल्यानं फूल लांबून दिसतं. पाखरं आणि मधमाश्या धावून येतात. आणि आता फुललं, की पावसाळ्याच्या आत बी तयार होतं. मृगाचा पाऊस पडेल तेव्हा ते जमिनीवर तयार असतं. आपण जून महिन्यासाठी बियाणं आणून ठेवतो, तसंच झाडाचंही आहे.

वाटेवरच निम्मी सहल

अमरावतीहून चिखलदरा साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आधी परतवाडा, मग धामणगाव गढीवरून घाट. अकोल्याकडच्या बायांनी अकोट, अंजनगाव, पथ्रोट करत परतवाडा गाठावं. परतवाड्याहून वर साधारण तीस किलोमीटर राहतात. सकाळी सहाला निघालं तर उन्हं तापायच्या आत वर पोचता येतं.

परतवाड्याच्या अलीकडे गाडीच्या काचा उघड्या ठेवा. फेब्रुवारी असेल, तर संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यावर आलेला असतो. आम्ही सगळ्या जणी बोलता बोलता एकदम गप्प झालो होतो. यातल्या किती तरी जणी याच बागांत निंदायला गेलेल्या. पण कामावर असताना वास घ्यायला मान वर कोण करतं?

घाट सुरू झाला, की झाडं ओळखायचा खेळ खेळा. पाच झाडं तर सहज ओळखता येतील.

पहिला पळस. वऱ्हाडीत आपण पयस म्हणतो. केशरी-लाल फुलं, काळपट देठ, एक पाकळी राघूच्या चोचीसारखी वाकलेली. संस्कृतात याला किंशुक म्हणतात. त्याचा अर्थच 'हा पोपट की काय?' असा आहे. पळसाला फारसा वास नाही. कारण त्याचं बोलावणं पाखरांना असतं, आणि पाखरांना रंग दिसतो. मैना, बुलबुल, कोतवाल आणि लहानसा चमकदार शिंजीर ही पाखरं मध प्यायला येतात आणि पराग इकडचा तिकडे करतात. आणि त्या तीन पानांचं सांगायचं, तर आपण ज्यांना तीन पानं म्हणतो ती खरं म्हणजे एकाच पानाची तीन दलं आहेत. म्हणजे म्हण करणाऱ्यानं पाहून केली, पण मोजणी वेगळी धरली!

दुसरी काटेसावर. सरळ उंच खोड, अंगावर काटे, जाड पाकळ्यांची मोठी लाल फुलं. फूल खाली पडतं तेव्हा धप्प आवाज येतो. उचलून पाहा, आतल्या पेल्यात मध असतो. उन्हाळ्यात हिची बोंडं फुटून रेशमासारखा कापूस उडतो. आपण कापूस पिकवणाऱ्या बाया. पण हा कापूस कातायला चालत नाही, धागा फार गुळगुळीत. उशीत, गादीत भरतात.

तिसरा पांगारा. याचीही फुलं लाल, फांद्यांच्या टोकाला घोसांनी येणारी. चौथी गणेर, म्हणजे सोनसावर. वाकड्यातिकड्या उघड्या फांद्या आणि त्यांच्या टोकाला हळदीसारखी पिवळी मोठी फुलं. खडकाळ, कोरड्या उतारावर दिसते. पाचवी धायटी. हे झुडूप आहे, फुलं बारीक, लाल, नळीसारखी, फांदीभर चिकटलेली. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवायला हीच फुलं लागतात. औषधाच्या बाटलीवर धातकी लिहिलेलं असतं, ती हीच.

चिखलदऱ्याची जुनी बाग

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. अकोला तीनशे मीटरच्याही खाली. हजार मीटर वर गेलं, की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्यापेक्षा वर चार-पाच अंशांनी तरी कमी. एवढ्या फरकानं काय होतं? खाली जानेवारीतच सुकणारी थंडीची फुलं वर आणखी काही आठवडे टिकतात.

हा गारवा इंग्रजांनी हेरला. १८२३ साली हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन इथं आल्याचं सांगतात. त्या पलटणीची छावणी खाली अचलपुरात होती, आणि तिथला उन्हाळा त्यांना सोसत नव्हता. पुढे वर आजारी शिपायांसाठी आणि साहेबांसाठी हवा खायची जागा झाली. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्यावर तर साहेबांचे बंगले वाढले. बंगल्यांपाठोपाठ बागा आल्या, कॉफी आली. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये चिखलदऱ्याच्या गुलाबांची, लिलीची, नेच्यांची आणि उत्तम कॉफीची नोंद आहे. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वीही लोक इथं फुलं पाहत होते. फक्त ते लोक आपण नव्हतो. पाहणारे बंगल्यातले होते. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या इथल्याच बाया होत्या, एवढा अंदाज तर कोणालाही करता येईल.

आज इथली शासकीय बाग सगळ्यांना खुली आहे. आम्ही गेलो तेव्हा गुलाब फुललेले होते, ओळीनं लावलेली हंगामी फुलं होती. काकू एका ताटव्यापाशी उभी राहिली ती हलेचना. मग तिनं माळीदादांना विचारलं, "हे केव्हा पेरता?" ते म्हणाले, पाऊस गेला, की ऑक्टोबरात रोपं टाकायची, महिन्याभरानं लावायची, मग रोज पाणी. फूल माघात दिसतं, पण काम दसऱ्यापासूनचं आहे. काकूनं मान डोलावली. हा हिशोब तिला ओळखीचा होता. भाजीची रोपं ती तशीच करते.

कॉफीची झुडपं दिसली तर थांबा. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं, की चिखलदऱ्याचंच नाव घेतात. ताणावर असलेल्या झुडपाला पाण्याची सर मिळाली, की आठ-दहा दिवसांत फांद्यांवर पांढरी फुलं येतात. वास मोगऱ्याची आठवण करून देणारा. ती एक-दोन दिवसांत सुकतात, त्यामुळे दिसणं नशिबाचं. इथंही पुन्हा तेच: आधी ताण, मग पाणी, मग फूल.

गाविलगड: पाणी आधी, फुलं मग

चिखलदऱ्यापासून जवळच गाविलगड आहे. गवळ्यांचा गड म्हणून गाविलगड, असं सांगतात. दगडी किल्ला १४२५ च्या सुमाराला अहमदशहा बहामनीनं बांधला. पुढे अचलपूरच्या इमादशाहीकडे आणि नंतर नागपूरच्या भोसल्यांकडे तो होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो लढून घेतला. किल्लेदार बेनीसिंग त्या लढाईत पडला.

तट, दरवाजे, तोफा सगळे पाहतात. तुम्ही तळी जरूर पाहा. एवढ्या उंच माथ्यावर विहीर कुठून लागणार? म्हणून पावसाचं पाणी उतारानं आणून तलावांत साठवलं. त्यावर माणसं, घोडी, झाडं जगली. पाणी भरायचं काम आपल्या वाट्याला असतं, त्यामुळे ही तळी पाहून आपल्याला जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. आमच्यातली एक ताई पायऱ्या मोजत म्हणाली, "घागर घेऊन इथून चढाचं म्हंजे कंबर गेली बाप्पा!" राजाराणीच्या गोष्टींत हे कोणी सांगत नाही.

किल्ल्याचा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानात आहे. हा प्रकल्प १९७४ पासूनचा. आत जाताना नाक्यावर नोंद करा आणि सांगितलेल्या वेळेच्या आत बाहेर या. फुलांच्या दिवसांत उंच झाडांना आणि किल्ल्याच्या भिंतींना आग्या मोहोळ लटकलेलं असतं. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं काही नको. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच बजावून ठेवा.

आमची चूक

आता जे सांगते, ते खरं म्हणजे सांगायला थोडी लाज वाटते. पण रेडिओवर बोलायचं, तर पूर्ण बोलावं.

त्या वर्षी होळी उशिरा, मार्चच्या शेवटी होती. आम्ही होळीच्या चार दिवस आधी गेलो. उतरताना घाटाच्या पायथ्याशी एका मोठ्या झाडाखाली थांबलो. मोहाचं झाड. खाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडलेला. गोड वास. आम्ही पदरात भरायला सुरुवात केली. देवानं दिलंय, कोणाचं आहे? दोघी-तिघींचे पदर चांगले जड झाले.

तेवढ्यात टोपली घेऊन एक कोरकू बाई आली. ओरडली नाही, भांडली नाही. आमच्याकडे पाहून मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "बाई, झाडाखालची जागा कोणी झाडली, ते दिसलं नाही का?"

आम्ही खाली पाहिलं. खरंच, झाडाखाली गोल जागा अंगणासारखी स्वच्छ झाडलेली होती. पानाचा चुरा नाही, काटकी नाही. आजूबाजूला पाचोळा हातभर, आणि झाडाखाली अंगण. आपल्या अंगणात पसरलेली तूर कोणी उचलली, तर आपल्याला कसं वाटेल?

मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. घरातल्या बाया-पोरं अंधारात उठून वेचायला जातात. फुलं वाळवून ठेवतात. ती खाण्यात येतात, विकली जातात, आणि कामाचा तोटा असतो त्या दिवसांत घर चालवतात. कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं, हे गावात ठरलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंही रानात राहणाऱ्यांचा असं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे मोहाचं फूल हे त्यांचं पीक आहे. आम्ही ते कोणाच्या शेतातून उचलावं तसं उचललं होतं.

पदर मोकळे केले. काकूनं तिच्या टोपलीत भरायला मदत केली. मग दोघी तिथंच बसल्या. भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण किती वाजता उठता, पाठ दुखते का, भाव काय मिळतो, हे सगळं बोलून झालं. निघताना त्या बाईनं आम्हाला मूठभर वाळलेला मोह दिला. आधी घेतलेला आणि आता मिळालेला, यातला फरक आम्हा सगळ्यांना कळला.

त्या दिवसापासून आमची एक सवय झाली. फूल दिसलं, की आधी खाली पाहायचं. जागा झाडलेली आहे का? आळं केलेलं आहे का? कुंपण, दोरी, दगडाची कड आहे का? यातलं काहीही दिसलं, तर त्याला राखणारं कोणी तरी आहे. आणि काही दिसलं नाही, तरी पाखरं आहेतच.

परतवाड्याच्या बाजूलाच, मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं गाव आहे. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं उजाड टेकडीवर झाडं लावली, चराई आणि तोड आवरली, रान पुन्हा उभं केलं. तिथली सीताफळं गावानंच विकली. २०१४ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. साहेबांच्या बागेला इतिहास आहे, तसा हाही आपल्याच काळातला इतिहास आहे.

तुमचा गट निघणार असेल तर

पैशाचं आधी. गटाची बचत आणि कर्जाचा पैसा सहलीला लावू नका. त्यावरून घरी बोलणी बसतात आणि गटातही कुरबुर होते. आम्ही वेगळा डबा केला. दर बैठकीला प्रत्येकीचे पन्नास रुपये. दहा महिन्यांत पाचशे झाले. ज्या बहिणीला जमलं नाही, तिचा हिस्सा बाकीच्यांनी वाटून घेतला, पण तिला मागे ठेवलं नाही.

गाडीचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना प्रवास मोफत. ही सवलत नेहमीच्या फेऱ्यांना आहे. आख्खी गाडी हवी असेल तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराचं विचारा, त्याचं भाडं वेगळं ठरतं. आधार कार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा.

शिदोरी घरची घ्या. भाकरी, ठेचा, झुणका, दशम्या, हे दिवसभर टिकतं. पाणी भरपूर घ्या, पण घरच्या बाटल्यांत, आणि रिकामी पिशवी सोबत ठेवून कचरा परत आणा. वानरांसमोर डबा उघडू नका. संडास-बाथरूमची सोय परतवाड्याच्या बसस्थानकावर आणि वर गावात पाहून घ्या, जंगलात मध्येच उतरायची वेळ येऊ देऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या, घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी लिंबू किंवा आलं. चप्पल सपाट आणि पट्ट्याची. सकाळी वर गारवा असतो, एक शाल असू द्या.

होळीनंतर पाच दिवस मेळघाटात गेलात, तर रस्त्यात कोरकू बाया-पोरी नाचत गाणी म्हणत गाडी अडवतील आणि फगवा मागतील. घाबरू नका. त्यांचा तो वर्षाचा सगळ्यात मोठा सण आहे. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा हाताशी ठेवा आणि दोन पावलं त्यांच्यासोबत नाचून पाहा.

ज्यांना चिखलदरा लांब पडेल, त्यांच्यासाठी जवळच्या जागाही आहेत. अकोट तालुक्यात पोपटखेडवरून शहानूरला गेलं, की वर नरनाळा किल्ला. तोही रानात आहे, तिथंही जुने तलाव आहेत आणि फाल्गुनात पळस फुलतो. शहानूरच्या फाटकावर वेळ विचारून जा. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ पासूनचं. तिथल्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात धायटी-बेहड्यासारखी झाडं ओळखायला शिकता येतात. आधी परवानगी काढावी. अमरावतीकरणींना वडाळी आहे. आणि काहीच जमलं नाही, तर आपली शिवार आहे. धुऱ्यावरचा पळस, गावाबाहेरची सावर, मारुतीजवळचा कडुनिंब. एका सकाळी गटानं मिळून शिवारफेरी काढा आणि मोजा, की फुललेली झाडं किती उरली आहेत. आमच्या शिवारात आम्ही मोजली. धुऱ्यावरचे पळस माझ्या लग्नाच्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी झालेत. सरपणाला गेले, नांगराच्या आड आले म्हणून गेले. मोजेपर्यंत ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

एक ओंजळ रंग

जाता जाता एक कृती सांगते. पळसाची खाली पडलेली फुलं वेचा, झाडावरची तोडू नका. देठ काढून पाकळ्या दोन दिवस सावलीत वाळवा. धुळवडीच्या आदल्या रात्री दोन ओंजळी पाकळ्या एका पातेल्यात पाणी घालून उकळा. पाणी चांगलं केशरी झालं, की झाकून ठेवा आणि सकाळी फडक्यानं गाळा. झाला रंग. बाजारच्या चमकीच्या रंगानं पोरांच्या अंगावर पुरळ उठतं, ती भीती यात नाही. तरीही डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि कपड्यावरचा पिवळा डाग एका धुण्यात जाईल असं समजू नका.

मैत्रिणींनो, सहलीहून आलो त्या रात्री काकू मागच्या दारात बसली होती. अंधारात पहाड दिसत नव्हता, तरी ती तिकडेच पाहत होती. मी विचारलं, "काय पायते वं काकू?" ती म्हणाली, "आता मले मालूम हाये वर काय हाये ते."

यंदा माझ्या सासूबाईही येणार आहेत. पळसाची पानं मोजायला येते, असं म्हणतात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, डबा आत्तापासून ठेवा. तुम्ही कुठं गेलात, कोणती फुलं पाहिलीत, आणि त्यांना राखणारं कोण भेटलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार.